सहा बेचाळीस

डॉक्टर आलेच नाहीत. रविवारी ०६३० ला बसू, असं या वेळी त्यांनी फोनवर न सांगता स्वतः लिहून पाठवलं होतं, म्हणून मी पाचला उठले, अंघोळ केली, लाल चहा करून घेतला आणि सव्वासहालाच कानाला हेडफोन लावून बसले. पडद्यावर काळी पाटी, तिच्यावर बारीक रेघांनी काढलेली धावपट्टी, आणि आकाशात एकही विमान नाही. साडेसहा झाले, पावणेसात झाले. खाली गुवाहाटीतल्या बेलतल्याच्या बाजारात भाजीवाल्यांच्या हातगाड्या यायला लागल्या, ढेकियाच्या भाजीच्या जुड्यांवर पाणी मारल्याचा आवाज सुद्धा वरपर्यंत आला, पण हेडफोनमध्ये फक्त खरखर. सात वाजता मी फोन लावला तर तो बंद. मग आठवलं, रविवारी सकाळी डॉक्टर चर्चमध्ये असतात आणि फोन घरी ठेवून जातात. मग वेळ कशाला दिली भल्या माणसाने? शिलाँगची थंडी, आदल्या रात्री लवकर झोपायचं सोडून काही तरी खरडून टाकलं असेल, झालं. मी चिडले. एकोणसाठ वर्षांच्या बाईला पहाटे उठवून असं ताटकळत ठेवायचं म्हणजे काय! पण उठलेही नाही. मला त्या खुर्चीतून उठायची भीती वाटत होती. आज मी ज्या दोन विमानांना भेटणार होते, त्यांची मी एकोणीस वर्षं वाट बघितली होती.

हा खेळ मला जूरीने लावून दिला. माझी मुलगी, बंगळुरूला असते, तिच्या ऑफिसातला एक जण खेळतो. कुणी घरात बसून खोटी विमानं उडवतं आणि कुणी घरात बसून त्या विमानांना वर जा, खाली ये, थांब, असं सांगतं. दोघांमध्ये खराखुरा आवाज, खरेखुरे नियम, आणि खुर्चीवर बसायचं तर आधी कुणाच्या तरी हाताखाली शिकून परीक्षा द्यायची. "मा, देउता जे करायचे ना, तेच," जूरी म्हणाली. देउता म्हणजे तिचे वडील, माझे यजमान, लोहित फुकन. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, म्हणून मी त्यांना आयुष्यभर फुकनच म्हटलं. ते जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. मला गुरू मिळाले ते डॉक्टर मार्बानियांग, शिलाँगला दातांचा दवाखाना चालवतात, मला बाईदेउ, म्हणजे ताई, म्हणतात आणि दातांच्या रोग्याला बोलावं तसं बोलतात. "बाईदेउ, तोंड उघडा. विमान तुमच्याकडे येतंय, त्याला काही तरी सांगा की. ते काय हवेत उभं राहणार आहे?" पहिल्या दिवशी माझ्या हातून चार विमानं डोंगरात गेली. "चार कुटुंबं रडतायत," डॉक्टर म्हणाले, "चला, पुन्हा." पायलट होऊन तेच बोलायचे, प्रत्येकाचा आवाज वेगळा काढून, एक पायलट तर त्यांनी असा तोतरा केला होता की मला हसू आवरेना आणि त्या हसण्यात पाचवं विमान गेलं. पण तिसऱ्या महिन्यात मला जमायला लागलं. जे सांगितलं ते पायलटने जसंच्या तसं उलट म्हणून दाखवायचं, आणि त्याने म्हटलेलं मी कान देऊन ऐकायचं, हे मला आवडलं. इतक्या वर्षांच्या संसारात माझं बोलणं कुणी असं उलट म्हणून दाखवलं नव्हतं.

मग पट्ट्या आल्या. प्रत्येक विमानाची एक पट्टी, तिच्यावर त्याचा नंबर, उंची, वेळा. पट्ट्या ओळीने लावायच्या, आणि एखाद्या विमानाचं काही काम अजून राहिलं असेल तर त्याची पट्टी ओळीतून जराशी तिरकी ओढून ठेवायची, म्हणजे नजर तिच्यावर अडखळते. डॉक्टरांनी हे सांगितलं आणि मी दाराकडे बघितलं. कारण आमच्या घरात सगळं तिरकं असायचं. दाराशी फुकनांची एक चप्पल सरळ आणि एक आडवी, तामूलच्या, म्हणजे सुपारीच्या डब्याचं झाकण कलतं, भिंतीवरचं कॅलेंडर वाकडं. मी दिवसभर सरळ करत हिंडायची. "काय हो हा गबाळेपणा, फुकन?" ते म्हणायचे, "राहू दे गं," एवढंच. आडवी चप्पल म्हणजे येताना जूरीचं औषध आणायचं आहे, हे ते कधी बोलले नाहीत आणि मी कधी विचारलं नाही. चप्पल सरळ व्हायची, औषध राहायचं, आणि मग मीच ओरडायची की तुमच्या काही लक्षात राहत नाही.

नऊ वाजले, दहा वाजले. दहाला जूरीचा फोन आला. मी म्हटलं, अजून बसलेच आहे. ती म्हणाली, "मा, देउतांनी स्वतः सांगितलं होतं ना चौकशीत, विसरलो म्हणून? मग तू आता काय उकरतेस?" मी म्हटलं, "तू नऊ वर्षांची होतीस, तुला काय माहीत." ती म्हणाली, "मला एवढं माहीत आहे की तू जेवली नाहीस." मी फोन ठेवला. तिला काय सांगणार? सकाळी साडेपाचला, ती शेजारच्या खोलीत झोपलेली असताना, मी तिच्या बापाला काय बोलले होते ते?

तेव्हा आम्ही नदीच्या वरच्या अंगाला एका लहान विमानतळाच्या गावात होतो. दिवसाला आठ-दहा विमानं, टॉवरमध्ये एका वेळी एक माणूस आणि एक मदतनीस. फुकनांना गुवाहाटीला बढती मिळत होती आणि त्यांनी ती मला न विचारता परत पाठवली. मला ते कळलं त्यांच्या एका सहकाऱ्याच्या बायकोकडून, हळदीच्या दुकानात. सकाळी त्यांची सहाची ड्यूटी. ते चहा पीत होते, मी समोर उभी राहून बोलत होते, आणि ते नुसते कपाकडे बघत होते. माणूस ओरडला तर ओरडणाऱ्याला बरं वाटतं. हे ओरडत नसत. मी म्हटलं, "भिंतीशी लग्न केलं असतं तर तिच्यावर निदान पाल तरी चुकचुकली असती." तेही त्यांनी ऐकून घेतलं. मग मी म्हटलं, "तुमच्यावर कुणी विश्वासाने काही सोपवावं असे तुम्ही माणूसच नाही, फुकन." ते उठले, कप धुऊन ठेवला, सायकल काढली आणि गेले. त्याच दिवशी त्यांच्या हातून दोन विमानं एकमेकांच्या इतकी जवळून गेली की खिडकीतल्या एका बाईला पलीकडच्या विमानाच्या शेपटीवरचा रंग दिसला. कुणाला काही झालं नाही. पण संध्याकाळी दोन्ही पायलटांनी लिहून दिलं, दुसऱ्या दिवशी यांना खुर्चीवरून उठवलं, आणि तीन आठवड्यांच्या चौकशीनंतर कागदपत्रांच्या खोलीत बसवलं ते निवृत्तीपर्यंत. आकाशाकडे बघणारा माणूस पंधरा वर्षं फायलींना नंबर घालत बसला. घरी आम्ही त्याबद्दल एकदाही बोललो नाही.

मला त्यांची वेळ माहीत होती. त्या वर्षीच मला त्यांच्या कपाटात एक कॅलेंडरचं पान सापडलं, त्याच्या पाठीवर त्यांच्या बारीक अक्षरात त्या दिवशीच्या पट्ट्या उतरवलेल्या. ०६३८, दोन-चार नंबरचं विमान उडालं, सात हजारांपर्यंत चढणार. सात-एक नंबरचं समोरून येतंय, दहा हजारांवरून उतरतंय. मग ०६४२, तिथे एक तिरकी रेघ, आणि पुढे कोरं. मग ०६४४, दोन्ही गेली. बस. सहा बेचाळीस. पावणेसहाला घरातून निघाले, आणि तासाभरात माझं बोलणं त्यांच्या डोक्यात घोळत असताना ते कोरं राहिलं. याला पुरावा कशाला हवा होता? एकोणीस वर्षं मी रोज सकाळी घड्याळात पावणेसात होताना बघत आले. शाळेच्या वाटेवर असले तर जागच्या जागी थांबायची. त्यातून एकच गोष्ट मला तारायची, ती म्हणजे त्या दिवशीचा माझा फोन. मी चहाच्या मळ्यातल्या शाळेत भूगोल शिकवायची. मळ्याचं घड्याळ सरकारी घड्याळाच्या एक तास पुढे. आमची मधली सुट्टी मळ्याच्या एकला, म्हणजे सगळ्या देशाच्या बाराला. सुट्टी झाल्याबरोबर मी हेडबाईंच्या ऑफिसात गेले, फोनच्या रांगेत उभी राहिले आणि टॉवरचा नंबर फिरवला. तो नंबर त्यांनी मला फक्त अडीअडचणीसाठी दिला होता. ते म्हणाले, "काय झालं? जूरी बरी आहे ना?" मी म्हटलं, "बरी आहे. सकाळी मी नको ते बोलले." ते म्हणाले, "हं. नंतर." मी म्हटलं, "नंतर नाही, आत्ता सांगा, रागावलात का?" ते म्हणाले, "नाही." मला तेवढ्याने पुरलं नाही. मी म्हटलं, "नुसतं नाही काय, नीट बोला ना." मग जरा वेळ काहीच नाही, आणि मग ते सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "रेवती, मी तुझ्यावर रागावलेलो नाही." इतकं पूर्ण वाक्य ते वर्षा-दोन वर्षांतून एकदा बोलत. मी रडतच वर्गावर गेले. संध्याकाळी बाहेरून सगळं कळलं तेव्हा वाटलं, बघा, सकाळीच एवढं घडून गेलेलं, नोकरी जाणार हे माहीत असलेलं, आणि तरी या माणसाने मला जवळ घेतलं. या एका वाक्यावर मी त्यांच्यामागे हे आठ महिने काढले.

तरी भूक लागते. अकराला मी उभ्यानेच वाटीभर दही-चिवडा खाल्ला आणि पुन्हा येऊन बसले. साडेअकरा वाजायला दोन-तीन मिनिटं असताना फोन वाजला. डॉक्टर. मी तोंड सोडणारच होते, तेवढ्यात तेच म्हणाले, "बाईदेउ, तयार ना? अर्ध्या तासात साडेसहा होतील. म्हटलं, आधी आठवण करावी, तुम्ही जेवून आडव्या व्हाल."

"कसले साडेसहा? साडेसहाला मी बसले होते. सकाळी. तुम्ही चर्चमध्ये गात होतात."

डॉक्टर इतके हसले की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "अरे देवा! पहाटेपासून? अहो बाईदेउ, आपल्या खेळात लिहिलेली वेळ म्हणजे ग्रीनिच. आणि खेळातच कशाला, जगातल्या सगळ्या टॉवरांमध्ये तीच. विमान दहा देश ओलांडतं, त्याने कुणाच्या भिंतीवरचं घड्याळ बघायचं? पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ नाही का दिसत?"

"ते चुकीचं आहे म्हणून मी बघतच नाही. हा कॉम्प्युटर यांचा, जुना. याचं घड्याळ कायम मागे असतं."

"साडेपाच तास मागे ना?"

मी हो म्हटलं.

"मग ते बरोबर आहे, तुम्हीच पुढे आहात. भूगोलाच्या बाई ना तुम्ही?"

तीस वर्षं मी सातवीच्या पोरांना ग्रीनिच शिकवलं. रेखांशाचा एक अंश म्हणजे चार मिनिटं, आपलं साडेब्याऐंशी, करा गुणाकार, काय आलं? साडेपाच तास, बाई. लहानपणापासून दोन घड्याळांत वाढलेली मी, एक मळ्याचं, एक सरकारचं. घरात पाहुणा आला की आधी विचारायची, तुमचे किती वाजले? आणि ज्या माणसाच्या ताटात रोज वाढलं, तो कुठल्या घड्याळात जगतो हे मी कधी विचारलं नाही. डॉक्टर पलीकडे काही तरी बोलत होते. मी त्यांना थांबा म्हटलं. सहा बेचाळीसमध्ये साडेपाच मिळवायला भूगोलाची बाई लागत नाही. बारा बारा. मधल्या सुट्टीची दहा मिनिटं गेलेली, मदतनीस जेवायला गेलेला, आणि मी रांगेत पुढे आलेली.

आधी मला सुटल्यासारखं झालं, खरं सांगते. माझं सकाळचं बोलणं घेऊन ते सहा तास त्या खुर्चीत बसले होते आणि त्यांच्या हातून काहीही चुकलं नव्हतं. विमानं आली, गेली, त्यांनी उतरवली, चढवली. माझ्या जिभेने त्यांचं काही बिघडवलं नव्हतं. त्यांच्यावर कुणी विश्वास टाकू नये असं मी म्हटलं होतं, आणि दुपारपर्यंत तो माणूस तसाच विश्वासाचा होता. हे मनात येतंय न येतंय तोच दुसरं आलं. तिरकी रेघ. ती रेघ नव्हती, ती पट्टी होती. सात-एकचं काम राहिलंय, त्याला थांबवायचंय, म्हणून त्यांनी तिरकी ओढून ठेवलेली. ते विसरले नव्हते. "हं. नंतर," ते म्हणाले होते. मी म्हटलं, आत्ता. ते म्हणाले, नाही. मी म्हटलं, नीट बोला. सगळं बिघडलं ते माझ्या भांडणाने नाही, माझ्या माफी मागण्याने. आणि त्यांनी चौकशीत फोनचं नाव काढलं नाही, विसरलो म्हणाले, आणि घरी येऊन माझ्या हातचा आंबट मासे-भात जेवले. त्यानंतर ते घरातला फोन कधी उचलत नसत. वाजत राहायचा. मी पदराला हात पुसत धावायची आणि म्हणायची, राजेसाहेबांच्या हाताला मेंदी लागलीय का? देवा, पंधरा-सोळा वर्षं म्हटलं मी हे.

"बाईदेउ, बरं वाटत नाही का? पुढच्या रविवारी करू."

"नाही. आजच. पण एक काम करा. बेचाळीस झाले की माझ्या फोनवर फोन करा."

"म्हणजे? मी तिकडे दोन पायलट, आणि फोनही मीच करू? असलं काही परीक्षेत नसतं हो. आणि मुळात तुम्ही पाठवलेला हा कागद फारच सोपा आहे. दोनच विमानं. सात-एकला आठ हजारांवर थांबवलं की संपलं. दुसरीच्या पोराचं गणित. बेचाळीसपुढे लिहिलेलं का नाही, तेच मला कळलं नाही. कुणी लिहिलाय?"

"फुकनांनी," मी म्हटलं. "फोन कराल ना?"

डॉक्टरांच्या हातातला कागद खसखसला. मग म्हणाले, "करतो."

साडेसहाला, म्हणजे बाराला, आम्ही सुरू केलं. छत्तीसला दोन-चार धावपट्टीवर आलं, अडतीसला उडालं. या वेळी डॉक्टरांनी आवाज काढले नाहीत, दोन्ही पायलट त्यांच्याच आवाजात बोलले. मी पट्ट्या लावल्या आणि सात-एकची तिरकी ओढली. पडद्यावर दोन हिरवे ठिपके समोरासमोर सरकायला लागले, एक वर चढणारा, एक खाली येणारा. काही नाही त्यात. शेजारची पोरं गोट्या खेळतात त्यात जास्त घाई असते. मी कोपऱ्यातलं घड्याळ बघत राहिले. एक्केचाळीस. खाली बाजारात माशांसाठी घासाघीस चाललेली, एक बाई म्हणत होती, "हा रोहू मेला कधी, बिहूला?" बेचाळीस.

टेबलावरचा फोन वाजायला लागला. मीच करायला सांगितलेला फोन, दातांच्या डॉक्टरचा, त्यात कुणाचं काही अडलेलं नव्हतं. तरी माझा उजवा हात आपोआप निघाला. मी तो डाव्या हाताने धरून ठेवला. फोन टेबलावर थरथरत पेल्याला जाऊन लागला. ठिपके जवळ येत होते. "सात-एक," मी म्हटलं, आणि माझा आवाज मला अगदी वर्गातला वाटला, "आठ हजारांवर थांबा." फोन वाजतच होता. "आठ हजारांवर थांबतोय, सात-एक." मी कान देऊन ऐकलं. बरोबर होतं. मी पट्टी सरळ केली. ठिपके एकमेकांवर आले, एका क्षणी एकच दिसले, आणि मग दोघं आपापल्या वाटेने गेले. चव्वेचाळीस. फोन थांबला.

"शाब्बास, बाईदेउ!" डॉक्टर म्हणाले. "उचलला नाहीत! अर्धी परीक्षा एवढीच आहे. फोनचं काय, वाजून वाजून थांबतो."

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. त्यातून डॉक्टरांचा बारीक आवाज येत होता, बाईदेउ, बाईदेउ, ऐकताय ना? वाजून वाजून थांबतो, हे खरंच होतं. हेडबाईंच्या ऑफिसात माझ्यामागे रांगेत आणखी तिघी उभ्या होत्या. चार-पाच घंट्यांत कुणी उचलला नसता तर मी ठेवून दिला असता, वर्गावर गेले असते, सातवीचा तास घेतला असता आणि संध्याकाळी घरी पुन्हा भांडले असते. पण मला थांबावं लागलंच नाही. त्यांनी पहिल्याच घंटीला उचलला होता.